विजेवर धावणारी मोटार

२६ मे २०१७ रोजी नागपुरात विजेवर चालणाऱ्या मोटारी, रिक्षा व बस मिळून सुमारे २०० वाहनांचा उपक्रम सुरू झाला. अशा मोटारीत पेट्रोल जळत नाही, म्हणून तिला धूर सोडणारी नळी नसते. बॅटरीत साठविलेल्या विजेवर तिचे यंत्र चाके फिरविते. वेग कमी करताना तेच यंत्र थोडी वीज निर्माण करून बॅटरीला परत देते.

त्या काळातील ‘ई-व्हेरिटो’ ही कौटुंबिक मोटार एकदा बॅटरी भरल्यावर सुमारे ११० किलोमीटर जाई. घरच्या विजेवर बॅटरी भरण्यास मात्र आठ-नऊ तास लागत. नागपूरहून वर्धा सुमारे ७५ किलोमीटर. तेथवर जाणे सोपे; परंतु परतण्यापूर्वी बॅटरी पुन्हा भरलीच पाहिजे. नागपुरातही चार्जिंग केंद्रे अपुरी असल्याने चालकांना रांगेत तिष्ठावे लागले. यावरून, उत्तम मोटारीइतकीच वाटेवरील चार्जिंग केंद्रेही महत्त्वाची आहेत, हे स्पष्ट होते.