गेम अनइन्स्टॉल केला आणि अख्खा ड्राइव्ह साफ? सॉफ्टवेअर 'भलत्या' फोल्डरमध्ये टाकून का तपासतात?

सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना आपण काय करतो? नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट आणि फिनिश. मध्येच 'कोणत्या फोल्डरमध्ये ठेवू?' असं विचारलं जातं. बहुतेक जण न वाचताच पुढे जातात. पण ज्यांचा सी ड्राइव्ह भरलेला असतो, ते तिथे थांबून दुसरी जागा निवडतात. एवढ्याशा बदलाने मोठमोठ्या कंपन्या अडचणीत आल्या आहेत.

1998 मध्ये काय घडलं?

'मिथ 2: सोलब्लायटर' हा बंजी या अमेरिकी कंपनीचा गेम. पुढे गाजलेला 'हेलो' याच कंपनीचा. 'मिथ 2'च्या सीडी छापून झाल्यावर एक भयंकर चूक लक्षात आली. गेम काढून टाकताना त्याचा अनइन्स्टॉलर गेम ज्या फोल्डरमध्ये आहे, तो फोल्डरच पुसून टाकत होता.

गेम नेहमीच्या फोल्डरमध्ये असेल, तर काहीच बिघडत नव्हतं. पण एखाद्याने तो वेगळा फोल्डर न करता थेट ड्राइव्हवर टाकला असेल, तर? मग अनइन्स्टॉलरसाठी 'गेमचा फोल्डर' म्हणजे अख्खा ड्राइव्ह! फोटो, कागदपत्रं, सगळं साफ. बंजीने सीडी परत मागवल्या आणि दुरुस्त आवृत्ती दिली. यात सुमारे 8 लाख डॉलर गेल्याचं सांगितलं जातं.

नावातली मोकळी जागाही महागात

नोव्हेंबर 2001 मध्ये ॲपलने मॅकसाठी आयट्यून्स 2 आणलं. त्याचा इन्स्टॉलर आधी जुनी आवृत्ती पुसायचा. पण ड्राइव्हच्या नावात मोकळी जागा असेल, तर तो गोंधळायचा. समजा, एका ड्राइव्हचं नाव 'डेटा' आणि दुसऱ्याचं 'डेटा 2' आहे. इन्स्टॉलर 'डेटा 2' हे नाव अर्धंच वाचायचा आणि 'डेटा' ड्राइव्हवर घाव घालायचा. काही जणांचे ड्राइव्ह पुसले गेल्यावर ॲपलने ती आवृत्ती मागे घेऊन 2.0.1 दिली.

जानेवारी 2015 मध्ये लिनक्सवरच्या 'स्टीम'चा असाच प्रकार समोर आला. एका युजरने स्टीमचा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला होता. प्रोग्राममध्ये आज्ञा होती, 'स्टीमच्या फोल्डरमधलं सगळं पुसा'. फोल्डर जुन्या जागी सापडला नाही, त्यामुळे आज्ञेतलं फोल्डरचं नाव रिकामं राहिलं. उरलं फक्त 'सगळं पुसा'. त्या युजरच्या फाइल्स तर गेल्याच, पण जोडलेल्या बाहेरच्या ड्राइव्हवरचा बॅकअपही गेला. विशेष म्हणजे, कोडमध्ये त्या ओळीपाशी प्रोग्रामरनेच 'भीतीदायक!' अशी टीप लिहून ठेवली होती.

मग चाचणी कशी करतात?

तिन्ही ठिकाणी मूळ एकच होतं. सगळे युजर नेहमीचाच फोल्डर वापरतील, हे बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. म्हणून चांगले टेस्टर मुद्दाम वाकडी वाट धरतात:

- थेट ड्राइव्हवर किंवा पेन ड्राइव्हवर इन्स्टॉल करून बघणं.
- फोल्डरच्या नावात मोकळी जागा, '&' सारखी चिन्हं किंवा 'माझे गेम' असं देवनागरी नाव वापरणं.
- फोल्डरात फोल्डर करून पत्ता खूप लांब करणं. विंडोजमध्ये अनेक प्रोग्राम अजूनही 260 अक्षरांच्या मर्यादेत अडकतात.
- जिथे फाइल लिहायची परवानगीच नाही, असा फोल्डर निवडणं.
- आधीच भरलेल्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करणं.

यातली शेवटची चाचणी सर्वांत महत्त्वाची. टेस्टर त्या फोल्डरमध्ये आपल्या दोन-चार फाइल्स आधीच ठेवतो. मग सॉफ्टवेअर टाकतो, काढतो आणि बघतो: आपल्या फाइल्स जागेवर आहेत ना? सॉफ्टवेअरच्या फाइल्स मागे तर राहिल्या नाहीत? हे सगळं व्हर्च्युअल मशीनवर करतात, म्हणजे काही उडालंच तरी खऱ्या कॉम्प्युटरचं नुकसान होत नाही.

नियम साधा आहे. इन्स्टॉलरने आपण ठेवलेल्या प्रत्येक फाइलची यादी करायची आणि अनइन्स्टॉलरने फक्त त्या यादीतलंच पुसायचं. विंडोजवर इन्स्टॉलर बनवण्यासाठी वापरलं जाणारं 'इनो सेटअप' तर आपल्या मदत-पानांवरच बजावतं, की सॉफ्टवेअरचा फोल्डर सरसकट पुसू नका. युजरने चुकून विंडोजच्याच फोल्डरमध्ये ते टाकलेलं असू शकतं.

आपण काय करायचं?

जागा बदलायची असेल तर बिनधास्त बदला, पण सॉफ्टवेअरसाठी नवा, रिकामा फोल्डर करा. थेट ड्राइव्हवर टाकू नका. त्या फोल्डरमध्ये आपले फोटो किंवा कागदपत्रं ठेवू नका. इन्स्टॉल झाल्यावर फोल्डर हाताने हलवू नका. आणि बॅकअपचा ड्राइव्ह, काम झालं की काढून ठेवा. 2015 मध्ये तो जोडलेला नसता, तर वाचला असता.