मानेतला पू कुठवर उतरला?

अर्धापूरकडच्या बागांत आडवा कापलेला केळीचा बुंधा आपण पाहिला असेल. एकावर एक गुंडाळलेली सोपटे आणि मध्ये फटी. मानेची रचनाही काहीशी अशीच. स्नायू, घसा, मणके यांभोवती पातळ पण चिवट पापुद्रे असतात. किडलेल्या दाढेतून किंवा सुजलेल्या टॉन्सिलमधून जंतू आत शिरले, की पू फटीफटीने खाली सरकतो. प्रसंगी थेट छातीत. बाहेरून मात्र नुसती सूज दिसते, कधी तीही नाही.

तेव्हा आत पू आहे की केवळ सूज, हे आधी ठरवावे लागते. सुजेला बहुधा प्रतिजैविके पुरतात. साठलेला पू बहुतेक वेळा काढावाच लागतो.

साधा क्ष-किरण फोटोही पुष्कळ सांगतो. मान बाजूने टिपली, तर दुसऱ्या मणक्यापुढच्या मऊ भागाची जाडी साधारण ७ मिलिमीटरच्या आत हवी. मात्र मूल रडत असेल किंवा त्याची मान वाकलेली असेल, तर हा भाग उगाच जाड दिसतो! सोनोग्राफीत वरवरचा पू कळतो. हाडाआडचे व हवेपलीकडचे कळत नाही.

खोलवरचे उत्तर सी.टी. स्कॅन देतो. लंडनमध्ये १९७१ साली पहिल्या रुग्णावर वापरलेले हे तंत्र. आधी शिरेतून आयोडीनयुक्त द्रव देतात. तो रक्ताबरोबर सुजलेल्या भागात पोचतो, पण पुवात रक्तवाहिन्याच नसल्याने तेथे पोचत नाही. म्हणून काळपट पुवाभोवती उजळ कडे उमटते. आम्हांला विशेष वाटते ते या कड्याच्या अभावाचे. मणक्यांपुढच्या 'लाँगस कोलाय' स्नायूच्या कंडरेत कॅल्शियम साठले, तरी मान आखडते, गिळताना दुखते, थोडा तापही येतो. स्कॅनमध्ये मात्र चुन्यासारखा ठिपका आणि थोडे पाणी दिसते, कडे नसते. हे दुखणे सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी जाते; शस्त्रक्रिया टळते. मणक्यालाच क्षयाची बाधा झाल्याची शंका असेल, तर एम.आर.आय. अधिक उपयोगी.

एक अडचण उरते. स्कॅनसाठी उताणे झोपावे लागते आणि सुजलेला घसा त्या स्थितीत श्वास कोंडू शकतो. म्हणून डॉक्टर आधी श्वासमार्गाची खात्री करतात. तोंड उघडत नाही, लाळ गिळवत नाही, मान हलत नाही, असा विद्यार्थी उदगीरहून लातूरला किंवा मुखेडहून नांदेडला न्यायचा झाला, तर त्याला गाडीत आडवे करू नये, बसवूनच न्यावे.