छरा सुटण्याआधीच हलणारी बंदूक

पैठणची नाथषष्ठी असो की गावची जत्रा, फुग्यांच्या स्टॉलवरची छऱ्याची बंदूक आपल्यापैकी बहुतेकांनी एकदा तरी खांद्याला लावलेली असते. अजिंठा-सिल्लोडच्या मक्याच्या पट्ट्यात ती एखाद्या घराच्या माळ्यावरही सापडते. स्प्रिंग कुरकुरणारी, चाप जड, नेम भरकटलेला. अशी बंदूक हाती आली की पहिला विचार येतो तो जाड स्प्रिंग घालून जोर वाढवण्याचा. भौतिकशास्त्र उलट सांगतं: जोर आहे तेवढाच राहू द्या, थरथर काढा.

नळी मोडून खाली ओढली की स्प्रिंग दाबली जाते आणि दट्ट्या मागे अडकतो. चाप ओढताच तो सुटतो, समोरची हवा चेपतो आणि ती हवा बारीक छिद्रातून छऱ्यामागे घुसते. हा सगळा खेळ सेकंदाच्या साधारण शंभराव्या हिश्शाचा. पण तेवढ्या वेळात बंदूक स्वस्थ बसत नाही. समजा, दट्ट्या आणि स्प्रिंगचा हलणारा भाग मिळून 300 ग्रॅम, धाव 80 मिलिमीटर आणि बंदूक साडेतीन किलोची. संवेग अक्षय्यतेच्या नियमाने बंदूक सुमारे 7 मिलिमीटर मागे सरकायला बघते. मग दट्ट्या दाबलेल्या हवेच्या गादीवर आपटतो, थबकतो आणि बंदूक पुढे झेपावते. मागे आणि लगेच पुढे, असा हा दुहेरी धक्का. त्याची सुरुवात होते तेव्हा छरा अजून नळीतच असतो.

मीटरभर लांबीच्या बंदुकीचं टोक 0.1 मिलिमीटर उचललं, म्हणजे केसाच्या जाडीएवढं, तरी 10 मीटरवर छरा 1 मिलिमीटर सरकतो. एअर रायफलच्या स्पर्धेतला दहा गुणांचा ठिपका असतो अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. साडेचार मिलिमीटरच्या छऱ्याचा काठ त्याला शिवला पाहिजे. नेमबाज सुमा शिरूर यांनी 2004 साली क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत 40 पैकी 40 छरे असे शिववून 400 पैकी 400 गुण मिळवले. त्या पातळीवर स्प्रिंगचा धक्का परवडतच नाही. म्हणूनच पूर्वी जर्मनीच्या फाइनवेर्कबाऊ कंपनीने संपूर्ण यंत्रणाच रुळांवर मागे सरकेल अशी रायफल बनवली, जेणेकरून धक्का नेमबाजाच्या खांद्यापर्यंत येऊ नये. आज स्पर्धांमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेची नळकांडी वापरतात. जड दट्ट्या आणि त्याला ढकलणारी स्प्रिंग तिथे उरलेलीच नाहीत.

मग घरच्या बंदुकीचं काय करायचं? आधी दस्त्याचे स्क्रू बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात, असं मी खात्रीने म्हणेन. नंतर दट्ट्याच्या तोंडाचं सील. जुन्या बंदुकीत ते चामड्याचं असतं, सायकलच्या पंपातल्या वॉशरसारखं. वाळलं की हवा गळते आणि प्रत्येक छऱ्याचा वेग वेगळा पडतो. सेकंदाला 180 मीटर वेगाचा छरा 10 मीटर जाईपर्यंत सुमारे 15 मिलिमीटर खाली येतो. वेग पाच टक्के घटला तर आणखी दीड मिलिमीटर. स्प्रिंगच्या आतला दांडा सैल असेल तर स्प्रिंग सुटल्यावर झणझणत राहते. नीट बसणारा दांडा, घासून गुळगुळीत केलेली स्प्रिंगची टोकं आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या ग्रीसचा पातळ थर, एवढ्याने ती झणझण थांबते. ग्रीस जास्त थापू नका. अजिंठ्याच्या डोंगरावर डिसेंबरच्या पहाटे ते घट्ट होतं आणि दट्ट्या मंदावतो.

दट्ट्यापुढे तेल सोडणं तर कटाक्षाने टाळा. हवेवरचा दाब एकदम 50 पट झाला आणि उष्णतेला निसटायला वेळ मिळाला नाही, तर गणिताने तिचं तापमान 600 अंश सेल्सिअसच्या वर जातं. मळ्यातलं डिझेल इंजिन ठिणगीशिवाय पेटतं ते याच तत्त्वाने. तेल पेटलं की मोठा आवाज होतो, धूर निघतो, वेग बेभरवशाचा होतो आणि सील करपतं. नळीत छरा नसताना चाप ओढणंही तितकंच वाईट: हवेची गादी तयारच होत नाही आणि दट्ट्या थेट लोखंडावर आदळतो.

बंदूक उघडण्याबद्दल एक कळकळीची सूचना. आतली स्प्रिंग सुटी दिसली तरी ती दाबूनच बसवलेली असते. पकड-साच्याशिवाय मागची पिन काढली तर स्प्रिंग तोंडावर उडते. साचा नसेल तर हे काम जाणकार कारागिराकडेच द्यावं.

जोर वाढवण्याला कायद्याचीही वेस आहे. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार साडेचार मिलिमीटरपेक्षा मोठ्या व्यासाच्या नळीला किंवा 20 ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेला परवाना लागतो. अर्ध्या ग्रॅमच्या छऱ्यासाठी ही मर्यादा सेकंदाला 283 मीटरवर येते. आणि 1819 साली ब्रिटिश अधिकारी जॉन स्मिथ वाघाच्या मागावर अजिंठ्याच्या वाघूर नदीच्या या खोऱ्यात आला होता खरा, पण आज इथल्या रानपाखरावर साधा छरा झाडणं हासुद्धा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. नेम कागदावरच धरावा, आणि कागदामागे मातीचा जाड बांध असावा.

फरक पडला का हे कळायला दुरुस्तीआधी 10 मीटरवर पाच छरे मारून सर्वांत दूरच्या दोन भोकांमधलं अंतर मोजा, नंतर तेच पुन्हा करा. दोन्ही वेळा बंदूक दगडावर किंवा भिंतीवर टेकवू नका. कठीण आधारावरून ती उसळते. डाव्या तळव्यावर तिला अलगद ठेवा, आवळू नका, आणि तळवा दर वेळी दस्त्याच्या त्याच जागी येईल अशी पेन्सिलीची खूण करून घ्या.