वाण लुटू या बियांचं

नॉर्वे देशाच्या मालकीची स्वालबार्ड नावाची बेटं आहेत. नकाशात शोधायची तर बोट अगदी वरच्या टोकाला न्यावं लागतं. उत्तर ध्रुव तिथून सुमारे तेराशे किलोमीटरवर. हिवाळ्यात काही महिने सूर्य उगवतच नाही, आणि उन्हाळ्यातही सावली देईल असं एक झाड कुठे दिसत नाही. नवल म्हणजे, जिथे धड झाड उगवत नाही त्याच बेटावर जगभरच्या पिकांचं बियाणं जपून ठेवलेलं आहे! डोंगराच्या पोटात शंभर मीटरहून लांब बोगदा, त्याच्या टोकाला दालनं, आणि दालनांत फडताळांवर ओळीनं मांडलेल्या पेट्या. तापमान शून्याखाली अठरा अंश. २६ फेब्रुवारी २००८ रोजी ही तिजोरी सुरू झाली. आज तिच्यात बारा लाखांहून जास्त नमुने आहेत. गहू, भात, ज्वारी, बाजरी, हरभरा, वाटाणा... काय नाही म्हणून विचारा! हैदराबादजवळच्या 'इक्रिसॅट' संस्थेनंही आपल्या कोरडवाहू पिकांचं बी तिथे ठेवलं आहे.

हे वाचून 'बाई गं, केवढा हा खटाटोप!' असं वाटेल. पण मैत्रिणींनो, असाच खटाटोप आपल्या जिल्ह्यातली एक बाई वर्षानुवर्षं करते आहे. तिच्याकडे बर्फ नाही, बोगदा नाही. होती ती मातीची मडकी, चुलीतली राख आणि शेणानं सारवलेलं घर.

कोंभाळण्याची बीजमाता

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातला अकोले तालुका म्हणजे डोंगराळ, भाताचा, धो धो पावसाचा मुलूख. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई याच तालुक्यात. इथल्या कोंभाळणे गावात राहीबाई सोमा पोपेरे राहतात. महादेव कोळी समाजातल्या राहीबाईंनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण कुठलं बी कुठल्या मातीत घालायचं, कुठला वेल किती दिवसांत फुलावर येतो, कुठल्या शेंगेची भाजी चवीला कशी लागते, हे त्यांना तोंडपाठ आहे.

घरातला नातू आजारी पडला आणि औषधं फवारलेल्या भाजीपाल्याचाच हा परिणाम, असं राहीबाईंच्या मनानं घेतलं. मग पूर्वी घरी पिकायच्या त्या भाज्या गेल्या कुठे, याचा शोध सुरू झाला. या घरून मूठभर वाल, त्या पाड्यावरून दोन बिया दोडक्याच्या, कुणाकडून काळभात, कुणाकडून नागली असं करत त्यांनी शंभरावर देशी वाण जमवले. एकट्या वाल-घेवड्याचेच कितीतरी प्रकार! कुणाची शेंग चपटी, कुणाची फुगीर, कुणाचा दाणा पांढरा, तर कुणाचा काळा-तांबडा ठिपक्यांचा.

पुढे 'बायफ' या संस्थेची साथ मिळाली, बचत गटातल्या बायका जोडल्या गेल्या आणि 'कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समिती' उभी राहिली. ज्येष्ठ शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकरांनी राहीबाईंचं वर्णन 'मदर ऑफ सीड' असं केलं. 'बीजमाता' म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला. २०१८ साली 'बीबीसी'नं जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं. ८ मार्च २०१९ला राष्ट्रपतींच्या हस्ते 'नारीशक्ती पुरस्कार' मिळाला आणि २०२० साली 'पद्मश्री' जाहीर झाली.

पुरस्कारांचं कौतुक आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांची पद्धत. राहीबाईंकडचं बी कुलपात बसत नाही. ते दुसऱ्याच्या रानात जातं, तिथे उगवतं, वाढतं आणि पुन्हा चार घरी जातं.

राख आणि बर्फ

स्वालबार्डच्या शास्त्रज्ञांचा आणि आपल्या आजीचा शत्रू एकच. तो म्हणजे ओल, आणि तिच्या जोडीला उष्णता. बी दिसतं निर्जीव, पण आत इवलासा जीव झोपलेला असतो. त्याला ओल आणि ऊब मिळाली की तो जागा होऊ लागतो, साठवलेलं अन्न खर्च करतो. त्यात बुरशी आणि भुंग्याचीही चंगळ होते. म्हणून शास्त्रज्ञ बी आधी भरपूर वाळवतात, मग ओल शिरणार नाही अशा पाकिटात बंद करून गोठवतात. आजी गोठवू शकत नव्हती. तिनं राख घेतली. राख ओल शोषून घेते, आणि तिचे बारीक कण भुंग्याच्या अंगावरचं पातळ कवच खरवडतात, त्यामुळे तो कोरडा पडून मरतो. वर कडुनिंबाचा पाला, आणि मडक्याचं तोंड शेणमातीनं लिंपून बंद. आजीच्या हाताला हे शास्त्र ठाऊक होतं.

फरक एवढाच, की बर्फातलं बी कित्येक वर्षं टिकतं. राखेतलं बी एक-दोन हंगामांत पेरावंच लागतं. हा काही निव्वळ तोटा नाही. दरवर्षी पेरलं जाणारं बी दरवर्षी नवा पाऊस, नवी कीड, नवं ऊन पाहतं. जे झाड त्यात तगलं त्याचंच बी आपण राखतो. म्हणजे वाण बदलत्या हवेशी जुळवून घेत राहतो. गोठवलेलं बी मात्र ज्या दिवशी झोपलं त्याच दिवशी थांबलेलं असतं.

आणि बर्फाचीही शाश्वती कुठे आहे? २०१६ साली स्वालबार्डला हवा इतकी गरम झाली, की बर्फ वितळून तिजोरीच्या बोगद्यात पाणी शिरलं. बियाण्याला धक्का लागला नाही, पण नंतर नॉर्वे सरकारला बोगद्याची मोठी दुरुस्ती करावी लागली.

बियांसाठी जीव टाकणारी माणसं

जगात बियांच्या गोष्टी शोधायला लागलं, की एकेक ऐकून अंगावर काटा येतो.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यानं रशियातल्या लेनिनग्राड शहराला वेढा घातला. १९४१ ते १९४४ अशी तीन हिवाळ्यांची उपासमार. शहरात लाखो माणसं भुकेनं मेली. त्याच शहरातल्या एका संस्थेत गहू, तांदूळ, शेंगदाणे, बटाटे यांचे जगभरातून जमवलेले नमुने होते. ते राखणारे शास्त्रज्ञ स्वतः उपाशी होते. त्यांच्यातले काही कामावरच गेले. तांदळाचा संग्रह सांभाळणारे द्मित्री इवानोव्ह तांदळाच्या हजारो पाकिटांच्या सोबतीत भुकेनं मेले, पण त्यांनी दाण्याला हात लावला नाही. ज्यांनी हा संग्रह उभा केला ते निकोलाय वाविलोव्ह तर तेव्हा स्टालिनच्या तुरुंगात होते. तिथेच १९४३ साली त्यांचा अंत झाला. अन्नाचा अभ्यास केलेला माणूस अन्नाविना गेला.

सीरियातल्या अलेप्पो शहराजवळ अशीच एक बियाणे-पेढी होती. तिथे यादवी युद्ध पेटलं, पेढीचं काम चालवणं अशक्य झालं. पण त्यांनी बियाण्याची एक प्रत आधीच स्वालबार्डला पाठवलेली होती. २०१५ साली त्यांनी ती परत मागवली, लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरली, पीक घेतलं आणि २०१७ साली नवं बी पुन्हा तिजोरीत नेऊन ठेवलं. शेजारणीकडून विरजण आणायचं, आपलं दही लागलं की तिची वाटी भरून परत द्यायची, तसंच!

दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम देशात गुलामीतून पळून जंगलात वस्ती केलेल्या लोकांचे वंशज आहेत. तिथल्या बाया सांगतात, की त्यांच्या पणज्या-खापरपणज्यांनी पळताना भाताचे दाणे केसांच्या वेण्यांत दडवून आणले. तिथे आजही भाताचे काही वाण बायकांच्या नावानं ओळखले जातात. अंगावरच्या कपड्यानिशी निघालेल्या बाईला सोबत काय न्यावंसं वाटलं, तर बी!

आणि ही एक गंमत. पेरू देशातल्या अँडीज डोंगरात बटाट्याचे हजारो वाण आहेत. जांभळे, काळे, लाल, बोटासारखे लांबट. त्यातल्या एका वेड्यावाकड्या, गाठीगाठींच्या बटाट्याच्या नावाचा अर्थ आहे 'सुनेला रडवणारा'. होणाऱ्या सुनेला तो सोलायला द्यायचा आणि ती किती निगुतीनं सोलते ते पाहायचं, अशी तिथली रीत सांगतात. सासवा सगळीकडे सारख्याच, नाही का?

मग आपलं काय हरवतंय?

आता कुणी म्हणेल, दुकानात पाकीट मिळतं, मग हा उपद्व्याप कशाला? संकरित बियाण्याला सरसकट नावं ठेवण्यात अर्थ नाही. १९७२चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना विचारा, घरात दोन पोती जास्त येणं म्हणजे काय असतं ते. पण संकरित पाकिटाची एक अडचण आहे. ते दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून तयार होतं. त्याचं पहिलं पीक जोमदार येतं, पण त्याच पिकाचं बी राखून पुन्हा पेरलं तर एक रोप आईवर, एक बापावर, एक भलतंच! म्हणून दरवर्षी नवं पाकीट विकत घ्यावं लागतं.

बी घरातून दुकानात गेलं तेव्हा बाईच्या हातातून एक अधिकारही गेला. पूर्वी पेरणीच्या आधी घरातल्या कारभारणीला विचारावं लागायचं. कोणतं कणीस बियाण्याला ठेवायचं, कोणत्या वेलाला चिंधी बांधून 'ही शेंग तोडायची नाही' म्हणून सांगायचं, हे तीच ठरवायची. आज तिच्या घरात बियाण्याची पावती येते, आणि तीही बहुतेक वेळा कारभाऱ्याच्या नावावर.

कायदा मात्र आपल्या बाजूनं आहे, बरं का. २००१च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा आणि विकायचाही हक्क दिलेला आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी कंपनीसारखं नाव-छाप लावून विकता येत नाही.

परसातून सुरुवात

यासाठी दहा एकर शेत लागत नाही. गावाकडचं परस असो नाहीतर गच्चीवरची कुंडी, एक वेल पुरे.

• सुरुवात वाल, घेवडा, चवळी किंवा गावरान टोमॅटोनं करा. यांचं परागीभवन बहुतेक फुलातल्या फुलातच होतं, त्यामुळे वाण सहसा भेसळत नाही.

• दोडका, दुधी, काकडी, भोपळा यांची फुलं कीटकांवर अवलंबून असतात. एकाच भाजीच्या दोन जाती शेजारी लावल्या तर बी मिश्र होतं. म्हणून एका वेळी एकच जात लावा.

• बी पाकिटातलं नको. आजी, आत्या, माहेरची शेजारीण, आठवडे बाजारात बसणारी म्हातारी यांना विचारा.

• सगळ्यात निरोगी झाडांवरच्या चांगल्या शेंगा आधीच हेरून चिंधी बांधा. उरलंसुरलं बियाण्याला ठेवू नका. शेंग वेलावरच वाळू द्या.

• दाणे सावलीत वाळवा. वालाचा दाणा दाताखाली धरून पाहा. कट्‌कन फुटला तर वाळला, दात रुतला तर अजून ओला आहे.

• चाळलेली, पूर्ण थंड, कोरडी राख मिसळून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. बरणीवर वाणाचं नाव, कुणाकडून आणलं आणि साल लिहून चिठ्ठी लावा.

• पुढच्या हंगामात पेरा, आणि थोडं बी दुसऱ्या घरी द्या. आपल्या वेलाला काही झालं, तर तिच्याकडे असेल.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. स्वालबार्डची तिजोरी ज्या विचारावर उभी आहे तो हाच. सगळं एका ठिकाणी ठेवायचं नाही.

आपल्याकडे याची सोयही आयती आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण लुटतो. प्लॅस्टिकचे डबे, गाळण्या, चमचे घरोघरी इतके साठलेत, की ठेवायला जागा नाही. आपल्या भाषेत बियाण्याच्या जातीलाही 'वाण'च म्हणतात, हे कधी ध्यानात आलंय? येत्या संक्रांतीला कागदाच्या पुडीत पाच-पाच दाणे वालाचे, घेवड्याचे द्या. पुडीवर लिहा, 'हा वाल माझ्या आजेसासूबाईंचा' किंवा 'हा दोडका अकोल्याच्या मावशींचा'. वाल-घेवड्याची पुडी पावसाळ्यापर्यंत राखेत ठेवायला सांगा, आणि मृग लागला की फोन करून विचारा, उगवला का गं?