विरळ हवेचा पक्षपात

समुद्रसपाटीपासून पाच हजार मीटरवर हवेची घनता खालच्या जेमतेम साठ टक्के उरते. १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलची लढाई साधारण याच उंचीच्या शिखरांवर झाली, आणि त्या विरळ हवेने उघड पक्षपात केला.

तोफगोळ्याला तिने मोकळे रान दिले. १५५ मिलिमीटरच्या बोफोर्स तोफेचा गोळा नळीतून ध्वनीच्या दुपटीहून अधिक वेगाने सुटतो. एरवी हवा तो वेग खाऊन टाकते. इथे खाणारीच दुबळी. पल्ला कित्येक किलोमीटरने वाढला. फुकटची चैनच की! पण शत्रूचा बंकर असतो सुरीच्या धारेसारख्या कड्यावर. मैदानी हिशेबाने डागलेला गोळा जरासा पुढे गेला, तर नुसता हुकत नाही, पलीकडच्या दरीत शेकडो मीटर खाली जाऊन फुटतो. त्यात थंडीचे वेगळेच: गारठलेली दारू सावकाश जळते, त्यामुळे गोळा कमी वेगाने सुटतो. म्हणजे विरळ हवा पल्ला वाढवणार, थंडी कमी करणार आणि दरीतला वारा गोळा बाजूला नेणार. ही सगळी वजाबाकी-बेरीज तोफ डागण्याआधीच करायची. तोफखान्याला हवामानाचे आकडे दारूगोळ्याइतकेच का लागतात, ते इथे कळते.

विमानांशी मात्र ही विरळ हवा फटकून वागली. साधे बॉम्ब हिशेब चुकवून भलतीकडे पडत. २७ मे रोजी एका मिग-२७ चे इंजिन हवेतच बंद पडले. पुढे लेझर-बॉम्ब घेऊन मिराज-२००० आली. लेझरच्या ठिपक्याकडे झेपावणारा बॉम्ब वाटेतली चूक वाटेतच सुधारतो. २४ जूनला टायगर हिल या शिखरावर असेच बॉम्ब वापरले.

हेलिकॉप्टरची पाती हवा खाली ढकलतात म्हणून ते उडते. ढकलायला हवाच कमी, तर ओझेही कमीच.

माणसाचे शरीर सगळ्यांत हट्टी. भारतीय सैन्यात उंचीवर चढवताना जवानाला तीन टप्प्यांत थांबवतात: सहा दिवस, मग चार, मग आणखी चार. तोफेचा हिशेब मिनिटांत बदलता येतो, रक्ताचा नाही. घाई केली तर धडधाकट तरुणाच्याही फुप्फुसांत पाणी भरू शकते. मग त्याला तातडीने खाली आणावे लागते, आणि त्यासाठी भिस्त असते ती पुन्हा त्याच धापा टाकणाऱ्या हेलिकॉप्टरवर.