‘सर, एकाच मार्काने राहिलं’

निकाल लागला की महाविद्यालयांच्या स्टाफरूमच्या दारात हेच वाक्य ऐकू येतं: ‘सर, एकाच मार्काने राहिलं, बघा ना काही होतंय का.’ कुणाचा फर्स्ट क्लास ५९ वर अडलेला असतो, कुणाची ‘ओ’ ग्रेड ७९ वर, कुणाचे एम.ए.चे टक्के ५४.८ वर. या विनंतीमागे एक समजूत घट्ट बसली आहे. काठावरचा मार्क शिक्षकाच्या हातात असतो, त्यांनी मनात आणलं तर मिळतो आणि नाही दिला तर ते खडूस. घरचेही तेच सांगतात, सिनियरही तेच सांगतात: ‘भेटून तर ये, विचारायला काय जातं?’ बरंच काही जातं. या समजुतीपायी ज्याच्या पेपरात खरोखर चूक झाली आहे तो मुलगाही हात जोडून विनंती करत बसतो आणि छायाप्रतीच्या अर्जाची मुदत निघून जाते. म्हणून ही समजूत खोडून काढणं गरजेचं आहे.

आधी व्यवस्था समजून घेऊ. विद्यापीठाच्या परीक्षेत शिकवणारे आणि तपासणारे एकच असतील असं नसतं. उत्तरपत्रिका मध्यवर्ती तपासणी केंद्रात, म्हणजे ‘कॅप’मध्ये जातात आणि परीक्षार्थीची ओळख झाकलेली असते. तिथे कुणीही तपासलेल्या पेपरात तुमचे वर्गशिक्षक एक गुणही घालू शकत नाहीत. दुसरं, काठावरच्यांचा विचार निकाल लागण्याआधीच नियमाने झालेला असतो. मुंबई विद्यापीठाचा ओ-५०४२-ए हा ऑर्डिनन्स पाहा. पास होण्यासाठी थोडे गुण कमी पडले तर पन्नास गुणांच्या पेपरला दोन, शंभरच्या पेपरला तीन असे ग्रेस मिळतात, मात्र सगळे मिळून एकूण गुणांच्या एक टक्क्याच्या आत. ओ-५०४३-ए वरच्या वर्गासाठी आहे. ग्रेस न घेता सगळ्या विषयांत पास झालेल्याला वरचा वर्ग गाठायला एकूण गुणांच्या एक टक्का किंवा दहा गुण, यांपैकी जे कमी असेल तेवढे कमी पडत असतील, तर ते दिले जातात. इतर विद्यापीठांचे आकडे वेगळे असतील, तत्त्व तेच. म्हणजे संशयाचा फायदा सगळ्यांना सारखा, न मागता दिलेला असतो. स्टाफरूममध्ये मागितला जातो तो त्यावरचा आणखी एक मार्क.

इथे एक रास्त आक्षेप येतो. गुण काही तराजूत तोललेले नसतात. एकच उत्तर दोन परीक्षक वेगळं तपासतात, मग ५९ आणि ६० मध्ये असा काय फरक आहे? आक्षेपाचा पहिला भाग पूर्ण खरा आहे. अमेरिकेत स्टार्च आणि एलियट या संशोधकांनी १९१२ मध्ये इंग्रजीच्या त्याच दोन उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतल्या. शंभरपैकी काहींनी पन्नास-साठच्या घरात गुण दिले होते, तर काहींनी नव्वदीच्या पुढे. भाषा हा विषयच व्यक्तिसापेक्ष, असं कुणी म्हणेल म्हणून त्यांनी पुढच्या वर्षी भूमितीची उत्तरपत्रिका घेतली. तिथेही गुण तिशीच्या आतपासून नव्वदीपर्यंत पसरले. म्हणून तर मॉडरेशन असतं, आदर्श उत्तरं असतात, गुणविभागणी ठरवलेली असते. पण यातून ५९ वाल्याला ६० द्यावेत हे कसं निघतं? तपासणीतली अनिश्चितता ५९ ला जेवढी आहे तेवढीच ५३ ला आणि ६१ लाही आहे. ६१ वाल्याला कदाचित दोन गुण जास्त मिळाले असतील. तो ते परत करायला येत नाही. रेषेच्या जवळ असणं हा चुकीचा पुरावा नव्हे. रेषा कुठेही ओढा, तिच्या खाली कुणीतरी एका गुणाने राहणारच. ५९ ला ६० केलं की ५८ वाला काठावर येतो, आणि त्याची बाजूही तितकीच खरी असते.

शिवाय विनंती करायला येतं कोण, हेही पाहायला हवं. ज्याला शिक्षकांशी बोलायची सवय आहे, ज्याच्या घरी कुणीतरी प्राध्यापक आहे, ज्याला इंग्रजीत मेल लिहिता येतो, तो येतो. घरातली पहिलीच कॉलेजात आलेली, खेड्यातून एसटीने ये-जा करणारी मुलगी त्याच ५९ वर गप्प घरी जाते. मागेल त्याला मार्क द्यायचे ठरवले तर ते ज्ञानाचे राहत नाहीत, धीटपणाचे होतात. दयाळू शिक्षकाने दिलेला तो एक गुण या मुलीवर अन्याय करतो आणि तो कुणाच्या लक्षातही येत नाही. मला या सगळ्यात सर्वांत जास्त सलतं ते हेच.

‘पण एका मार्कावर आयुष्य अडतं हो!’ अडतं, यात शंका नाही. कॅम्पस मुलाखतींना साठ टक्क्यांची अट लावली जाते. खुल्या गटातल्या उमेदवाराला नेटसाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात आणि तेही पूर्णांकात न बदलता, म्हणजे ५४.९९ ला ५५ धरत नाहीत. ही अट जाचक वाटत असेल तर अट ठरवणाऱ्यांशी भांडावं. नुकसान मोठं आहे म्हणून उत्तर जास्त बरोबर ठरत नाही.

मग काय चालतं? नेमकी चूक दाखवली तर चालतं. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा आणि पहिल्या पानावरचा गुणांचा तक्ता समोर ठेवून आतलं एकेक पान मोजा. प्रश्न दोनच्या ‘ब’ला आत चार दिलेत, तक्त्यात तो रकाना रिकामा आहे का? तिसऱ्या प्रश्नाचा शेवट पुरवणीत लिहिला होता, तिथे लाल पेनाची एकही खूण नाही का?  बेरीज पुन्हा करा. अशी एक चूक शंभर विनंत्यांपेक्षा भारी असते, कारण तिला नाही म्हणता येत नाही. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क माहिती अधिकार कायद्याखाली आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसईच्या प्रकरणात ९ ऑगस्ट २०११ रोजी स्पष्ट केलं. पण पाहण्याचा हक्क म्हणजे पुन्हा तपासून घेण्याचा हक्क नव्हे. पुनर्मूल्यांकन नियमात असेल तरच मिळतं. महाराष्ट्राच्या राज्य मंडळाचा पुनर्मूल्यांकन नाकारणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये वैध ठरवला होता. यूजीसीच्या २०२३ च्या तक्रार निवारण नियमांतही हेच सूत्र आहे. अपारदर्शक किंवा अन्याय्य मूल्यमापन ही तक्रार होऊ शकते, मात्र निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवल्याशिवाय लोकपाल फेरतपासणीचा अर्ज घेत नाहीत.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘रिव्हॅलला मार्क वाढतातच’: नाही, तसेच राहू शकतात, आणि कमी होतील की नाही हे तुमच्या विद्यापीठाच्या नियमावर ठरतं, अर्ज करण्याआधी तो वाचा. ‘कोर्टात गेलं की मिळतात’: डिसेंबर २०१७ मध्ये उत्तर प्रदेशातल्या शिक्षक भरतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की फेरतपासणीचा आदेश देताना सहानुभूतीला जागा नाही. ‘पुरवण्या जास्त लावल्या की मार्क जास्त’: परीक्षक मुद्दे तपासतो, पानं मोजत नाही. ‘माहिती अधिकारात परीक्षकाचं नाव कळतं’: नाही, ते गोपनीय राहतं.

आता राहिले इंटर्नल, आणि स्वायत्त महाविद्यालयांतले पेपर. इथे शिकवणारा आणि तपासणारा बहुधा एकच असतो, त्यामुळे शिक्षकाकडे जाण्यात गैर काही नाही. मात्र तिथेही ‘एक मार्क द्या’ म्हणू नका. ‘या उत्तराला पाचपैकी दोन का, कुठला मुद्दा राहिला?’ असं विचारा. आणि त्याचं उत्तर द्यायला शिक्षक बांधील आहे. हे उत्तर देण्याची वेळ येऊच नये म्हणून कितीतरी ठिकाणी चाचणीचे पेपर परत केले जात नाहीत, प्रकल्पाचे वीस गुण कशाचे ते आधी सांगितलं जात नाही आणि प्रेझेंटेशनचा आकडा थेट यादीत उमटतो. निकष लपवून ठेवले की मुलांना मार्क ही मर्जी वाटणारच; त्या समजुतीला खतपाणी आपण शिक्षकच घालतो. सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात गुणविभागणी हातात द्यावी, तपासलेला पेपर दाखवून त्यावर विद्यार्थ्याची सही घ्यावी, आणि बेरजेची चूक निघाली तर ती यादी विद्यापीठाकडे जाण्याआधी दुरुस्त करावी. याला ना नवा कायदा लागतो ना जादा निधी. पुढच्या सत्राच्या वेळापत्रकात पेपर दाखवायचा एक दिवस घातला की पुरे.