मऊ गाडी, महाग गाडी

आपल्या शहराला मोटारींचे वावडे कधीच नव्हते. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. २००१ साली शेंद्र्याला स्कोडाच्या गाड्या तयार होऊ लागल्या. २०१० च्या ऑक्टोबरात इथल्या मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या, तेव्हा साऱ्या देशाने भुवया उंचावल्या. आणि २०२४ च्या जुलैमध्ये छत्रपती संभाजीनगर येथे कारखाना उभारण्याबाबत टोयोटा किर्लोस्कर व राज्य शासन यांच्यात सामंजस्य करार झाला. अशा गावात कला शाखेच्या एखाद्या विद्यार्थ्याने मोटारीवर दोन शब्द लिहिले, तर विज्ञान शाखेच्या मित्रांनी ते अतिक्रमण समजू नये. मी भूगोलाचा विद्यार्थी आहे, आणि गाडी बसते ते हादरे शेवटी भूगोलाचेच असतात.

विषय तसा घरगुती आहे. पैठण तालुक्यात माझ्या मामांची मोसंबीची बाग आहे. त्यांना चारही चाकांना ताकद मिळणारी पिकअप घ्यायची आहे, म्हणजे पुढे पाच माणसांची केबिन आणि मागे मालासाठी हौदा. पावसाळ्यात बागेपर्यंतची वाट चिखलाची, म्हणून साधी गाडी चालत नाही. दुसरे कारण अधिक नाजूक आहे. आजीच्या मणक्याचे ऑपरेशन झाले असून तिला तपासणीसाठी वरचेवर शहरात आणावे लागते. नजर टोयोटाच्या हायलक्सवर आहे. ही गाडी आपल्या देशात २०२२ साली आली. तिचे ‘स्टँडर्ड’ आणि ‘हाय’ असे दोन प्रकार तेव्हा मिळू लागले, आणि दोहोंच्या किमतीत काही लाखांचे अंतर होते. मामांचे गणित सरळ होते. ते म्हणाले, “अरे भाचा, जास्तीचे पैसे मोजल्यावर हादरे कमीच बसणार की! आईसाठी वरचं मॉडेल घेऊ, कर्ज थोडं वाढेल.” वाढणारे कर्ज बागेवर होते. म्हणून हा हिशेब नीट तपासून पाहावा, असे मला वाटले.

प्रथम हादरा म्हणजे काय, ते पाहू. माणसाचे शरीर सर्व हादऱ्यांना सारखेच कंटाळत नाही. चालताना आपण सेकंदाला एकदोनदा वरखाली होतो, त्याचा आपल्याला त्रास होत नाही. त्याच सुमारास, म्हणजे सेकंदाला एक ते दीड वेळा, डुलणारी गाडी आपण ‘मऊ’ म्हणतो. त्याहून पुष्कळच संथ, सेकंदाला अर्ध्या वेळेपेक्षाही कमी असे हेलकावे बसले, तर मळमळते. बोटीत होते ते हेच. मात्र सेकंदाला चार ते आठ वेळा बसणारे उभे हादरे सर्वांत वाईट, कारण पोट आणि पाठीचा कणा त्या वेगाला स्वतःच थरथरू लागतात. शरीराला बसणारी कंपने मोजण्याचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ २६३१, याच पट्ट्याला सर्वाधिक वजन देते. आजीचा प्रश्न म्हणजे हा चार ते आठचा पट्टा टाळण्याचा प्रश्न.

आता आपला रस्ता. मराठवाड्याची काळी जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर टाकलेल्या रस्त्याचा पाया कच्चा असेल, तर डांबराला लाटा येतात. समजा, दर तीन मीटरवर एक उंचवटा आहे आणि गाडी ताशी ६० किलोमीटरने धावते आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे साडेसोळा मीटर, अर्थात सेकंदाला साडेपाच हादरे; नेमके त्या वाईट पट्ट्यात. तोच वेग ताशी ३० वर आणला, तर हादरे पावणेतीनवर येतात आणि प्रवास सुसह्य होतो. दुसऱ्या प्रकारचा रस्ता म्हणजे शेताकडची खडीची वाट. तिथे लाटा नसतात, टोकदार दगड असतात. लाटांशी झुंजते ती गाडीची कमान. दगडाशी प्रथम गाठ पडते ती टायरची. हा भेद ध्यानात ठेवला, तर पुढचे सगळे सोपे आहे.

पिकअपच्या पुढच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेटोळ्या स्प्रिंगा असतात. एक चाक खड्ड्यात गेले, तरी दुसऱ्याला त्याची खबर नसते. मागे मात्र एकच अखंड आस असतो, आणि तो पाट्यांवर टेकलेला असतो. बैलगाडीपासून ट्रकपर्यंत आपण ओळखतो ते हे पोलादी पाटे एकावर एक रचलेले असतात. ओझे पेलण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. पण ते ओझ्यासाठीच घडवलेले असल्याने हौदा रिकामा असला, की ते ताठ राहतात. शिवाय पाटे एकमेकांवर घासतात, त्यामुळे लहानसहान खड्ड्यांना ते वाकतच नाहीत आणि धक्का तसाच वर पाठवतात. गावातल्या एका जुन्या पिकअपमधून मी मोसंबीचे क्रेट घेऊन मोंढ्यात आलो आहे. येताना भरलेली गाडी डुलत येते, परतताना तीच रिकामी गाडी दात वाजवते. याचेही गणित आहे. स्प्रिंग तीच ठेवून तिच्यावरचे वजन ६०० किलोवरून १००० किलो केले, तर डुलण्याचा वेग जवळजवळ पावपटीने कमी होतो. वजन वाढले, की चाल संथ होते.

मग महागड्या प्रकारात हे पाटे बदलतात काय? इथेच गंमत आहे. परदेशातल्या काही गाड्यांत खरोखर बदलतात. फोर्ड कंपनीने २०१८ साली आपल्या ‘रेंजर’ पिकअपचा ‘रॅप्टर’ हा प्रकार आणला. त्यात मागचे पाटे काढून वेटोळ्या स्प्रिंगा बसवल्या आणि खास शॉकअ‍ॅब्झॉर्बर दिले. चाल सुधारली, पण गाडीची ओझे वाहण्याची क्षमता घटली. टोयोटाच्या अमेरिकेतील ‘टॅकोमा’ गाडीच्या २०२४ पासूनच्या ‘टीआरडी प्रो’ प्रकारात तर पुढच्या खुर्च्यांनाच हवेवर चालणारे शॉकअ‍ॅब्झॉर्बर आहेत. अशा ठिकाणी वाढीव पैशाने चाल विकत मिळते, हे मान्य केले पाहिजे.

हायलक्सच्या दोन्ही प्रकारांत मात्र चासी तीच, पुढच्या स्प्रिंगा आणि मागचे पाटेही तेच. फरक आहे तो खुर्चीच्या कातड्यात, चालकाची खुर्ची विजेवर हलवण्यात, थंड हवेच्या यंत्रणेत, स्वयंचलित गिअरच्या सोयीत आणि चाकांत. या शेवटच्या फरकाकडे विक्रेत्याचे बोट जाते ते निराळ्याच कारणासाठी. मोठी रिम दिसायला ऐटबाज. स्टँडर्डच्या टायरवर २६५/६५ आर १७ असे आकडे असतात, हायच्या टायरवर २६५/६० आर १८. यांचा अर्थ फार थोडे ग्राहक विचारतात. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंचीची रबरी भिंत रिमच्या वर आहे, आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. हिशेब केला, तर स्टँडर्डची रबरी भिंत १७२ मिलिमीटर येते आणि हायची १५९. दोन्ही चाकांची एकूण उंची जवळजवळ सारखीच, सुमारे ७७५ मिलिमीटर. म्हणजे महाग गाडीत १३ मिलिमीटर हवा आणि रबर कमी झाले, आणि त्यांची जागा धातूने घेतली. दगड प्रथम टायरला भेटतो, हे वर म्हटलेच आहे. खडीच्या वाटेवर स्वस्त गाडीची उशी थोडी जाड आहे, असा याचा सरळ अर्थ. हा फरक फार मोठा नाही; पण तो आहे तो मामांच्या समजुतीच्या उलट बाजूला आहे.

यावरून महाग प्रकार वाया गेला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रोज सात-आठ तास चालकाच्या जागी बसणाऱ्याला स्वतःच्या मापाने बसवता येणारी खुर्ची हे खरे सुख आहे. शहराच्या गर्दीत स्वयंचलित गिअर पाय वाचवतो. पण ही सोय बसण्याची आणि चालवण्याची झाली. रस्ता तिला जुमानत नाही.

मामांना मी चार गोष्टी सांगितल्या. एक, आजीला पुढच्या खुर्चीवर बसवावे. ती जागा मागच्या आसापासून लांब आहे, आणि मागच्या बाकाची पाठ सहसा अधिक उभी असते. दोन, टायरमधील हवा दाराजवळच्या पट्टीवर लिहिली असेल तितकीच ठेवावी. भरल्या गाडीची हवा रिकाम्या गाडीत ठेवणे म्हणजे दगडाशी दगड भिडवणे. तीन, लाटांच्या रस्त्यावर वेग निम्मा करावा. चार, उरलेले पैसे बागेवरच्या कर्जात घालावेत. चौथी गोष्ट त्यांना सर्वांत लवकर पटली.

हे सर्व लिहिताना एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. आपण चर्चा केली ती केबिनमधल्या आसनांची. प्रत्यक्षात आपल्या जिल्ह्यात पिकअपचा तिसरा एक प्रकार रोज धावतो, ज्याची नोंद कोणत्याच माहितीपत्रकात नाही. तो म्हणजे हौदा. कापूस वेचायला, ऊस तोडायला, लग्नाला आणि अंत्ययात्रेला जाणारी माणसे तिथे उभी किंवा उकिडवी असतात. मालाच्या गाडीत अशी माणसे कोंबणे कायद्याला मान्य नाही, तरी ती दिसतात, कारण त्यांच्या वस्तीला वेळेवर एसटी नसते. त्यांच्या बुडाखाली ना कातडे, ना कापड. खाली थेट पत्रा, आणि त्याखाली तो ताठ पाट्यांवरचा आस. गाडीतील सर्वांत कठीण हादरे नेमके तिथेच बसतात, आणि गाडी उलटली तर धरायलाही काही नसते. आजीच्या मणक्यासाठी १३ मिलिमीटरचा हिशेब मी आनंदाने मांडला. त्या हौद्यातही कुणाची आजी बसलेली असते. तिच्या हादऱ्यांवरचा उपाय गाडीच्या कोणत्याही प्रकारात मिळणार नाही. त्यासाठी पक्क्या पायाचा रस्ता आणि वेळेवर येणारी एसटी लागेल, आणि त्या दोन्ही गोष्टी मागण्याचे काम आपण कला शाखेच्या मंडळींनीही करायला हरकत नाही.